डोंबिवलीहून पुण्यात, तेही गाडी न घेता

बदलीची ऑर्डर आली २०२५ च्या मे महिन्यात, जूनपासून पुण्याचं ऑफिस, शिवाजीनगरच्या बाजूला. ज्याला सांगितलं त्याने पहिलं वाक्य तेच टाकलं, की मग आता टू-व्हीलर शिकून घे. नवऱ्याने, नणंदेने, ऑफिसातल्या शिपायाने, आणि पुण्याच्या आत्याने तर फोनवरच, "अगं इथे माझ्या वयाच्या बायका ॲक्टिव्हा घेऊन मंडईत जातात, तुला काय झालंय?" मला काही झालेलं नाही, मला फक्त टू-व्हीलर येत नाही आणि पंचेचाळिशी ओलांडल्यावर पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये शिकायची हौसही नाही. तर ठरवलं की बस, मेट्रो, रिक्षा आणि पाय एवढ्यावर जमतंय का बघू. आता बऱ्यापैकी बस्तान बसलंय म्हणून लिहायला घेतलं, कारण मुंबईकडून पुण्याला येणाऱ्या बऱ्याच जणांना हाच प्रश्न पडतो आणि उत्तर मात्र सगळीकडून एकच मिळतं, गाडी घे.

आधी माझं मुंबईचं गणित सांगते म्हणजे मी कुठल्या सवयी घेऊन आले ते कळेल. घर डोंबिवली पूर्वेला, ऑफिस फोर्टला. सकाळी घरातून चालत स्टेशन, संध्याकाळी परत येताना दमलेली असले तर इंदिरा चौकातल्या लाइनीत उभं राहून शेअर रिक्षा, मागे तिघं आणि ड्रायव्हरच्या बाजूला चौथा. मधे लोकल, तासाच्या वर. सीएसएमटीला उतरलं की भुयारी मार्ग आणि तिथून डी. एन. रोडच्या जुन्या दगडी इमारतींच्या खालच्या कमानींमधून ऑफिसपर्यंत. त्या कमानी मला वर्षानुवर्षं नुसती शोभा वाटायच्या, पुण्यात आल्यावर त्यांची किंमत कळली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नियमच केला होता की इमारत बांधा पण खालचा पट्टा चालणाऱ्यांना सोडा, म्हणून आजही तिथे ऊन लागत नाही आणि जुलैत छत्री मिटून चालता येतं. (फेरीवाल्यांनी अर्धी जागा खाल्लीय ते वेगळं, पण सेफ्टी पिनांपासून फोनच्या कव्हरपर्यंत मी सगळं तिथेच घेतलंय त्यामुळे मी तोंड उघडत नाही.)

म्हणजे मी रोज तीनेक किलोमीटर सहज चालत होते आणि मला ते कधी चालणं वाटलंच नाही. चालणं म्हणजे रविवारी सकाळी बूट घालून करतात ते. हे फक्त ऑफिसला जाणं होतं.

आता कुणी म्हणेल की मुंबईचं कौतुक पुरे. कौतुक नाहीये. लेडीज डब्यात सकाळी ठाण्याला काय होतं ते मला माहितीय, सीट मिळावी म्हणून उलटं कल्याणला जाऊन बसून येणाऱ्या बायकांपैकी मी पण एक होते. २०१७ च्या सप्टेंबरात एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली, ती सगळी फक्त जिना उतरत होती. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकलच्या दारांत लटकलेली माणसं एकमेकांना घासून खाली पडली आणि काहींचा जीव गेला, ती बातमी मी पुण्यात नव्या ऑफिसात बसून वाचली आणि पहिला फोन नवऱ्याला केला कारण तो त्याच लाइनवर असतो. त्यामुळे लोकल म्हणजे स्वर्ग असं म्हणणाऱ्यांमधली मी नाही. पण एक आहे, तिथे गाडी नसलेल्या माणसाला कुणी "मग तू येणार कशी?" असं विचारत नाही. इथे विचारतात.

पुण्यात सुरुवातीला आत्याकडे राहिले, सिंहगड रोडला. तो रस्ता ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको, एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला पर्वतीचे डोंगर नि कॅनॉल, मधे हा एकच मोठा रस्ता आणि धायरी-वडगावपासूनची सगळी वस्ती याच रस्त्याने शहरात येणार. उड्डाणपूल तेव्हा टप्प्याटप्प्याने खुला होत होता. तो झाल्यावर वरून गाड्या सुसाट, पण बस स्टॉप खालीच राहिले, म्हणजे पूल गाडीवाल्यांना मिळाला आणि बसवाल्यांना पुलाखालची सावली. सावली पण काही कमी नाही म्हणा.

पहिला प्रश्न, स्टॉप कुठे. आत्याला विचारलं, तिला माहीत नव्हतं, तीस वर्षं राहते. तिच्या सुनेला विचारलं, ती म्हणाली तिकडे कुठेतरी मेडिकलच्या पुढे आहे बघ. शेवटी कामवाल्या मावशींनी नीट सांगितलं, कुठली बस कुठे थांबते, कुठली स्वारगेटला जाते नि कुठली डेक्कनवरून मनपाला, कुठल्या वेळेला कॉलेजच्या पोरांची गर्दी असते, सगळं. त्या रोज बसने येतात. नंतर हे माझ्या कायमचं लक्षात राहिलं, पुण्यात बसची माहिती हवी असेल तर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारू नका, घरकामाला येणाऱ्या मावशी, वॉचमन, कॉलेजच्या पहिल्या वर्षाची पोरं आणि पासवाले आजोबा यांना विचारा. डोंबिवलीत मी आणि माझ्या घरी येणाऱ्या ताई एकाच स्टेशनवर उतरायचो, कधीकधी एकाच डब्यातून. तो फरक मला इथे फार बोचला.

दुसरी गोष्ट म्हणजे आम्हा मुंबईच्या लोकांना नंबरची सवय, इथे लोक शेवटच्या स्टॉपच्या नावाने बस ओळखतात. वारजे माळवाडी, भेकराईनगर, गाडीतळ, एनडीए गेट, ही नावं पाठ झाली तरच काही कळतं, त्यामुळे मी आधी नकाशा घेऊन ही गावं कुठे आहेत तेच शिकले. ॲपवर बस कुठपर्यंत आलीय ते दिसतं, 'आपली पीएमपीएमएल' नावाचं आहे, तिकीटही त्यावर निघतं. दिवसाचा पास कंडक्टरकडेच मिळतो, मी आले त्याच महिन्यात तो ४० चा ७० रुपये झाला होता आणि महिन्याचा ९०० चा १५००, त्यामुळे बसमध्ये त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. मुंबईत पण मे महिन्यात बेस्टचं कमीत कमी तिकीट पाचाचं दहा झालं होतं, तेव्हा मी जिथे जाते तिथे भाडं वाढतं असं माझं मत झालंय.

आणि मग रस्ता ओलांडणं. मला वाटायचं डोंबिवलीत वाढलेल्या बाईला रस्ता कसला शिकवता. पण सिंहगड रोडला पहिल्या दिवशी मी डिव्हायडरजवळ चांगली दहा मिनिटं उभी. कारण मी एकटी होते. मुंबईत आपण कधी एकट्याने रस्ता ओलांडतच नाही, हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. लोकल आली की स्टेशनातून शंभर-दोनशे माणसं एकदम बाहेर पडतात, त्यातली तीस-चाळीस एकदम रस्त्यात पाय टाकतात, टॅक्सीवाला शिव्या घालतो पण थांबतो, बस थांबते, सगळे थांबतात. सिग्नल हिरवा की लाल याच्याशी आपला संबंध नसतो, घोळक्याशी असतो. इथे घोळकाच नाही. इथे मी, एक पिशवी, आणि समोरून न संपणाऱ्या स्कूटर.

शेवटी एका भाजीवालीने सांगितलं की ताई थांबायचं नाही, पळायचं तर अजिबात नाही, एका चालीने चालत राहायचं, स्कूटरवाले आपोआप आजूबाजूने काढतात. खरं निघालं. टू-व्हीलरवाला ब्रेक मारत नाही, तो तुमचा अंदाज घेऊन वळवतो, त्यामुळे तुमची चाल बदलली की त्याचा अंदाज चुकतो. चारचाकीला हे लागू नाही, तिथे थांबायचंच. आणि राँग साइडने येणाऱ्यासाठी दोन्हीकडे बघायचं, वन-वे असला तरी.

फुटपाथचं पण असंच. मुंबईचे फुटपाथ चांगले आहेत असं कुणी म्हटलं तर मी हसेन, पेव्हर ब्लॉक उखडलेले, अर्ध्यात टपरी, अर्ध्यात कुणाचा तरी संसार. पण तिथे एवढी माणसं चालतात की फुटपाथ नसला तर ती रस्त्यावरून चालतात आणि रस्त्याची एक लेनच फुटपाथ होऊन जाते. फेरीवाला पण तिथेच बसतो जिथे माणसं चालतात. पुण्यात काही फुटपाथ दिसायला फार सुंदर आहेत, जंगली महाराज रोडचा तर एवढा रुंद आहे, बसायला बाकं, झाडं, मुलांना खेळायला जागा, की पहिल्यांदा बघून मी खरंच खूश झाले. पण बाकीच्या ठिकाणी दहा पावलांवर सोसायटीचं गेट येतं, फुटपाथ उतरतो, चढतो, मग विजेची डीपी, मग फ्लेक्सची चौकट, मग अमृततुल्यच्या बाहेर कप घेऊन उभी असलेली मंडळी आणि त्यांच्या लावलेल्या गाड्या. आणि ट्रॅफिक तुंबलं की मागून हॉर्न, फुटपाथवर. मागे एका आजींचा व्हिडिओ सगळीकडे फिरला होता, फुटपाथवर चढलेल्या टू-व्हीलरवाल्यांसमोर त्या सरळ उभ्या राहिल्या होत्या. मी तेवढी शूर नाही, मी बाजूला होते आणि मग मनात बोलते.

मेट्रोचं मात्र मी मनापासून चांगलं म्हणणार. स्वारगेट ते सिव्हिल कोर्ट हा भुयारी टप्पा २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाला त्यामुळे मी आले तेव्हा तो तयार होता. बसने स्वारगेट, तिथून खाली उतरून मेट्रो, मंडई, कसबा पेठ, मग नदीच्या खालून सिव्हिल कोर्ट आणि पुढचं शिवाजीनगर. वर बाजीराव रोडला काय चाललंय याचा खाली पत्ताही नसतो. तिकीट दहापासून पस्तीस रुपयांपर्यंत, एसी, बसायला बहुतेक वेळा जागा. लोकलमधून आलेल्या माणसाला मोकळ्या डब्यात उगाच अपराधी वाटतं, आपण कुणाची तरी जागा अडवलीय असं.

पण घरापासून स्टॉप, स्टॉपपासून स्वारगेट, स्वारगेटला बसमधून उतरून जेधे चौकाच्या त्या गोंधळातून मेट्रोचं दार, खाली जिने, मग प्रवास, मग परत वर. प्रत्यक्ष मेट्रोतली वेळ त्यात सगळ्यात थोडी. आणि ज्या दिवशी सिंहगड रोड तुंबला त्या दिवशी बसही त्यातच तुंबणार, तिला वेगळा रस्ता कुठेय. ही गंमत आहे बघा, कारण बसला वेगळा रस्ता द्यायचा प्रयोग देशात अगदी सुरुवातीला ज्या शहरांनी केला त्यात पुणं होतं, २००६ च्या शेवटी कात्रज-स्वारगेट-हडपसरला बीआरटी आली होती. मधोमध बसची लेन, मधोमध स्टॉप, उजवीकडे दारं असलेल्या बस. मग काय झालं तर लेनमध्ये इतर गाड्या घुसल्या, स्टॉपपर्यंत पोचायला दोन्हीकडून ट्रॅफिक पार करावं लागायचं, आणि पुढे नगर रोडची बीआरटी तर उखडूनच टाकली. लोक म्हणतात बीआरटीमुळे ट्रॅफिक व्हायचं. मला वाटतं ती कधी धड पूर्ण झालीच नाही, अर्धवट औषध घेऊन गुण आला नाही म्हणण्यासारखं ते झालं.

जे. एम. रोड, म्हणजे तोच जंगली महाराज रोड, आणि फर्ग्युसन रोडचा हिशोब समजायला पण वेळ लागला. दोन्ही वन-वे, एक शिवाजीनगरकडून डेक्कनला येणारा आणि दुसरा डेक्कनकडून परत जाणारा. त्यामुळे सकाळी जिथे उतरलात त्याच्या समोर उभं राहून संध्याकाळी परतीची बस मिळेल ही अपेक्षा सोडायची, परतीचा स्टॉप मधली गल्ली पार करून पलीकडच्या रस्त्याला. गाडीवाल्याला वन-वे म्हणजे एक वळसा, बसवाल्याला म्हणजे दोन रस्त्यांचा भूगोल.

मग घर शोधायला लागले. लेक पुढच्या वर्षी इंजिनिअरिंगला इथेच येणार होती म्हणून भाड्याने का होईना, स्वतःचं हवं होतं. आणि मी ठरवलं होतं की आधी स्टेशन बघायचं मग घर, जसं मुंबईत करतात. मुंबईत कुणीही पत्ता सांगताना पहिला शब्द स्टेशन सांगतो, दुसरा ईस्ट की वेस्ट, आणि तिसरा चालत किती. इथे ब्रोकरला म्हटलं मेट्रोपासून चालत दहा मिनिटांत हवंय, तर तो म्हणाला मॅडम पाच मिनिटांवर दाखवतो. बघायला गेलो, त्याच्या गाडीवर, खरंच पाच मिनिटं लागली. मी म्हटलं आता चालत जाऊ स्टेशनला. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. पंचवीस मिनिटं लागली आणि अर्धा रस्ता फुटपाथ नव्हता. तो बिचारा घामाघूम, मला म्हणतो, "एवढं कोण चालतं?" त्याच्यानंतर मी प्रत्येक ब्रोकरला सांगायचे की तुमची मिनिटं नको, मीटर सांगा.

त्यात आनंदनगरचा घोळ. पुण्यात एक आनंदनगर सिंहगड रोडला आहे आणि एक कोथरूडला पौड रोडवर, आणि मेट्रोचं आनंदनगर स्टेशन ते कोथरूडचं. एकाने मला "आनंदनगर, मेट्रोजवळ" असं मोघम लिहून पाठवलं, भाडंही बरं होतं, फोनवर अर्धा तास बोलल्यावर कळलं की तो आत्याच्या घराशेजारच्या आनंदनगरबद्दल बोलतोय आणि मेट्रोजवळ म्हणजे स्वारगेट. नव्याने येणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्या.

शेवटी पौड रोडच्या आनंदनगरमध्येच मिळालं, जुनी तीन मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही, पण स्टेशनला चालत आठ-नऊ मिनिटं. हो म्हणायच्या आधी मी ते अंतर रात्री नऊच्या सुमारास चालून बघितलं, दिवे आहेत का, कुत्री किती, दुकानं कधीपर्यंत उघडी असतात. बायकांनी हे करावंच. डोंबिवलीत रात्री साडेदहाला स्टेशनवरून घरी जाताना मला कधी मागे वळून बघावं लागलं नाही, कारण माझ्याबरोबर त्याच लोकलमधून उतरलेली अर्धी गल्ली चालत असायची, बारा वाजून गेल्यावरही कर्जत-कसारा गाड्या माणसं सोडत असतात. इथे मुख्य रस्त्याला वर्दळ असते पण ती सगळी चाकांवर, आतल्या रस्त्याला शिरलं की मी आणि झाडं. कोथरूड तसं सुरक्षित आहे, मला काही वाईट अनुभव नाही, पण शेजारून चालणारा माणूस नसला की फोन हातात येतोच.

आता सकाळचा क्रम असा आहे, आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळस्टॉप, गरवारे कॉलेज, डेक्कन, संभाजी उद्यान, पुणे मनपा आणि सिव्हिल कोर्ट. तिथून दुसऱ्या लाइनला बदलून एक स्टेशन पुढे शिवाजीनगरला जाता येतं, पण आपली लाइन वर पुलावर आणि दुसरी जमिनीखाली शंभर फुटांहून खोल, एस्केलेटरवर एस्केलेटर उतरत गेलं की वाटतं आता पाणी लागेल. एका स्टेशनसाठी तेवढं उतरून परत चढण्यापेक्षा मी सिव्हिल कोर्टला उतरते आणि चालत जाते. कोर्टात जाणाऱ्या वकील मंडळींची नि पक्षकारांची तिथे बरी वर्दळ असते, रस्ता पार करायला सोबत मिळते. काळ्या कोटाच्या मागे मागे जायचं, बिनधोक.

घराजवळ पौड रोड पार करायचा असला तर मी स्टेशनच्या एका बाजूने चढते आणि तिकीट न काढता पलीकडच्या बाजूने उतरते. बरेच जण आता तसंच करतात, भाजीच्या पिशव्या घेऊन. मुंबईत २००८ मध्ये बांद्र्याचा पहिला स्कायवॉक झाला आणि मग ठिकठिकाणी झाले, त्यातले कितीतरी ओस पडले कारण खाली माणसं घोळक्याने रस्ता पार करतच होती, वर चढायची गरज कुणाला. इथे गरज आहे, तर स्टेशनचाच स्कायवॉक झाला.

पावसात मेट्रोची खरी मजा. नळस्टॉपला दुमजली पूल आहे, खालून रस्ता, मधे गाड्यांचा पूल, त्याच्यावर मेट्रो. जोराची सर आली की खाली टू-व्हीलरवाले पुलाच्या आडोशाला दाटीवाटीने थांबलेले, रेनकोट चढवतायत, आणि मी वरून कोरडी जातेय. ज्यांनी ज्यांनी मला गाडी घे म्हटलं ते सगळे मला त्या घोळक्यात दिसतात. वाईट आहे हे, पण आहे. मुंबईत जोराचा पाऊस म्हणजे कुर्ला-सायनला पाणी, लोकल बंद आणि सगळं शहर एकदम अडकलेलं, तिथे गाडीवाला नि बिनगाडीवाला सारखेच.

पैशांचं बोलायचं तर लोकलचा सेकंड क्लासचा महिन्याचा पास तीनशे-साडेतीनशेच्या घरात, तेवढ्यात जवळपास पन्नास किलोमीटरचं जाणं-येणं महिनाभर. मुंबईत याच्यापेक्षा स्वस्त काहीच नाही, म्हणून श्रीमंत-गरीब सगळे त्यात. पुण्यात हिशोब उलटा बसतो. पेट्रोल शंभरच्या वर असलं तरी स्कूटर लिटरला पन्नासेक किलोमीटर जाते, नवरा-बायको दोघं बसले तर दोघांच्या बसच्या तिकिटापेक्षा ते स्वस्त पडतं, वेळ निम्मा, आणि दारातून दारात. मग कोण कशाला बसमध्ये चढेल. आणि एकदा ऐपत आलेला प्रत्येक माणूस बसमधून उतरला की फुटपाथवरच्या डीपीबद्दल, स्टॉपवर छप्पर नसल्याबद्दल नगरसेवकाकडे भांडायला उरतं कोण? आमच्या मावशी जाणार नाहीत, त्यांना पुढच्या घरी पोचायचं असतं. पुण्याला बस नाहीत, मेट्रो नाही असं मी म्हणणार नाही, दोन्ही आहेत. कमी पडतायत ती चालणारी माणसं, आणि ती कमी म्हणून जी चालतात त्यांना कुणी मोजत नाही.

म्हणूनच पेठांत गेलं की मला घरी आल्यासारखं वाटतं. मंडई स्टेशनला उतरायचं, तुळशीबाग, लक्ष्मी रोड, तिथून अप्पा बळवंत चौक, सगळं पायी. रस्ते अरुंद म्हणून गाड्या हळू, दुकानं रस्त्याला लागून, आणि माणसं एवढी की हॉर्न वाजवून उपयोग नाही. जुनं पुणं चालण्यासाठीच झालेलं शहर आहे, नंतर ते स्कूटरच्या मापाने पसरलं. लक्ष्मी रोडला दरवर्षी ११ डिसेंबरला पादचारी दिन असतो, गाड्या बंद करून रस्ता चालणाऱ्यांना देतात, त्या दिवशी सगळे फोटो काढतात आणि १२ तारखेला परत गाड्या. पण गणपतीत मी जे पाहिलं ते त्याहून भारी होतं. कसबा आणि मंडई स्टेशनमधून माणसांचे लोंढेच्या लोंढे वर येत होते, आणि जो रस्ता एरवी मी जीव मुठीत धरून ओलांडते तिथे सगळ्यांनी एकदम पाय टाकला आणि समोरच्या गाड्या थांबल्या. कुणी शिट्टी मारली नाही, पोलिसही बाजूलाच उभा होता. दादरला फुलमार्केटच्या बाहेर रोज होतं ते इथे होताना बघून मी उगाचच दोनदा पलीकडे जाऊन आले.

जे जमलेलं नाही ते पण सांगते. नणंद राहते कोंढव्याला, तिच्याकडे जायचं तर दोन बस बदला नाहीतर रिक्षा, मी रिक्षा करते आणि आधी पैशाचा विचार करून मग जाते, त्यामुळे जाणं कमी झालंय, तिला वाटतं मी पुण्यात येऊन शिष्ट झाले. डोंबिवलीसारखी शेअर रिक्षा इथे जागोजागी असती तर अर्धे प्रश्न सुटले असते, स्टेशनपासून घरापर्यंतचं ते शेवटचं अंतर तिथे चौथ्या सीटवर बसून दहा-पंधरा रुपयांत व्हायचं. जड सामान, गॅसची शेगडी दुरुस्तीला नेणं, लेकीचं वेळी-अवेळी क्लासवरून येणं, यात अजूनही कुणाची तरी गाडी लागते. शुक्रवारी संध्याकाळी मात्र मी मेट्रोने थेट पुणे स्टेशन आणि तिथून इंद्रायणी एक्सप्रेसने कल्याण, या प्रवासात ऑफिस सुटल्यापासून कुठेही रिक्षावाल्याशी बोलावं लागत नाही आणि ऑफिसातल्या गाडीवाल्यांना याचाच सगळ्यात जास्त हेवा वाटतो.

परवा ठाण्याच्या एका मैत्रिणीचा फोन आला, तिच्या मुलाला पुण्यात नोकरी लागलीय, गाडीशिवाय जमेल का विचारत होती. मी विचारलं ऑफिस कुठे, म्हणाली हिंजवडी, फेज थ्री. राहायला कुठे बघतोय, तर सदाशिव पेठेत, मित्रांबरोबर. मी म्हटलं मग पहिल्यांदा कंपनीची बस आहे का आणि ती कुठून सुटते ते विचार, जिथून सुटते तिथे घर बघायला सांग, पेठेतलं राहू दे. ती म्हणाली पण पेठेत जेवणाची सोय चांगली आहे. हो, ते खरंय.